चाळीस मिनिटांची गोष्ट

"मग?" शिंगटे मामांनी विचारलं. चहाची बशी ओठापर्यंत आली होती, ती तिथंच थांबली.

"मग काय मामा, म्हैस विहिरीत. विहीर सत्तर फूट खोल, आणि गावातल्या एकाही दोराला म्हैस पेलवंना. आजोबा म्हणाले, पोहतीय न्हवं? मग पोहू दे. वैरण वरनं टाकायची. सकाळी आजोबा टोपलीत बसून खाली उतरायचे, धार काढायचे आणि चरवी घेऊन वर यायचे."

"पोहत्या म्हशीची धार?"

"सवय लागती. तिलाबी आणि आजोबालाबी."

कॅन्टीनमधली पाच-सहा माणसं फिदीफिदी हसली. मी घड्याळाकडं पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. अजून पंधरा मिनिटं म्हैस विहिरीत ठेवणं भाग होतं.

"झालं काय, आजोबांना आला हिवताप. पंधरा दिवस अंथरुणात. धार काढायला कोण उतरंना. म्हैस भरलेली, तिनं दूध सोडलं विहिरीतच. पंधरा दिवसांत विहीर काठोकाठ. वर कावळे बसायला लागले साय खायला. शेवटी आमच्या आजीनं काय केलं? वाटीभर विरजण आणलं आणि दिलं विहिरीत टाकून. वर घोंगडी झाकली. सकाळी बघतोय तर दही लागलेलं. असं घट्ट, की त्याच्यावर पाय देत देत म्हैस चालत बाहेर आली!"

शिंगटे मामांना ठसका लागला. चहा सदऱ्यावर सांडला. मी खिडकीतून पाहिलं. खात्याच्या मागच्या दारातून भूपाल चौगुले ओले हात पाठीला पुसत आत येत होता. अकरा पंचवीस.

"लई बंडलबाज हाईस आण्ण्या," मामा डोळे पुसत उठले. "चल, कामाला लाग."

आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. ही गोष्ट सत्याऐंशी सालची, म्हणजे मी ऐन चाळिशीत होतो आणि थापा मारण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा नव्हता. आण्णाप्पा मगदूम म्हटलं तर कुणाला कळायचं नाही. थापा आण्णा म्हटलं की लहान पोरसुद्धा घर दाखवायचं. आमची सहकारी सूतगिरणी गावाबाहेर माळावर. मी आणि भूपाल दोघंही सायडर. सायडर म्हणजे सूत कातणाऱ्या लांबलचक मशीनच्या बाजूनं दिवसभर येरझाऱ्या घालायच्या आणि तुटलेला धागा दिसला की चिमटीनं जोडायचा. एक माणूस पंधरा मिनिटं जागेवरून हलला तर शे-दोनशे धागे तुटून बसतात आणि कापूस वाया जातो. म्हणून जॉबरचा, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाचा, डोळा सायडरवर. आणि आमचा जॉबर म्हणजे शिंगटे मामा, चेअरमनच्या भावकीतला माणूस.

भूपालची बायको अक्काताई दोन वर्षांपूर्वी वैरणीच्या माचावरून पडली होती. पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध असं काही नाही, पण दर दोन-तीन तासांनी कूस बदला, अंग कोरडं ठेवा. एकाच अंगावर पडून राहिली तर पाठ सडेल, आणि ते विष रक्तात गेलं की माणूस जातं. मूलबाळ नाही. चाळीतल्या शेजारणी सकाळी खुरपायला जायच्या त्या दिवस मावळताना यायच्या. भूपाल पहाटे तिचं सगळं आवरून सातला पाळीवर यायचा आणि साडेतीनला सुटायचा. मधले साडेआठ तास ती एकटी.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, पण गेटबाहेर पडायला पास लागायचा आणि पास महिन्यातून दोनच. चाळ गिरणीचीच, गिरणीच्या मागं, चालत सात मिनिटांवर. कापसाचा कचरा बाहेर टाकायला खात्याला मागून एक दार होतं. सात मिनिटं जायला, सात यायला, आणि तिला स्वच्छ करून, कूस बदलून, चार घास भरवायला सव्वीस. एकूण चाळीस मिनिटं.

ती चाळीस मिनिटं आम्ही आपसात वाटून घेतली होती. कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही. एक दिवस इस्माईल नदाफ म्हणाला, "तू जा, तुजी साईड मी बघतो." एकट्यानं दोन मशीन ओढताना त्याची दमछाक व्हायची, तर पलीकडचा रायाप्पा अर्धी बाजू घ्यायला लागला. राहिला जॉबर. तो पावणेअकराला चहाला बसायचा आणि अकराच्या ठोक्याला उठायचा. त्याला पंचवीस मिनिटं जास्त बसवून ठेवायचं काम माझ्याकडं आलं. मी माझी सुट्टी त्याच वेळेला लावून घेतली. सुट्टी संपल्यावरही मी बसलेलाच असायचो, पण आपणच ऐकायला थांबलोय म्हटल्यावर जॉबर मला काय बोलणार?

पावणेदोन वर्षं हे चाललं. पावणेदोन वर्षांत मी एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली नाही. भूपालला घरी उशीर होईलसा दिसला तर मी नवा पाहुणा आणायचो, पूर आणायचो, एकदा तर सबंध लग्न लावलं. तो लवकर परतला की नवरदेव तिथंच मारायचो.

भूपालनं आमच्याकडून एकच वचन घेतलं होतं. "हे खात्याच्या बाहेर जाता कामा न्हाई, आण्णा. माझी नोकरी गेली तर खोली जाईल, आणि खोली गेली तर हिला घेऊन मी कुठं जाऊ?"

"कुणाला सांगतोयस?" मी म्हणालो. "मी जन्मात खरं बोललोय का?"

त्या वर्षी जानेवारीत गिरणीत कामगार कल्याण अधिकारी म्हणून एक बाई आल्या. निमकर बाई. पुण्याच्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी, आणि कुणाही कामगाराला "अहो" म्हणायच्या. आधीचा अधिकारी वर्षातून एकदा साबण वाटायचा, एवढंच त्याचं कल्याण. या बाई खात्यात फिरायच्या, कापसाच्या धुरळ्यात खोकायच्या, पण पुन्हा यायच्या. माझी ख्याती कानावर गेली तशा एक दिवस कॅन्टीनला येऊन बसल्या. मी एका पैलवानाची गोष्ट सांगत होतो. त्याच्या मिशीत चिमणीनं घरटं केलेलं, आणि पिल्लं उडेपर्यंत त्यानं कुस्ती धरली नाही. बाई इतक्या हसल्या, की डबा खायचा विसरल्या.

दोन महिन्यांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा, मगदूमकाका. चहा घेणार?"

आयुष्यात पहिल्यांदा मी ऑफिसच्या गुबगुबीत खुर्चीवर बसलो.

"काका, तुमच्या सगळ्या गोष्टी मी ऐकल्या. आता एक खरी सांगा ना."

"खरी?"

"हो. मला एक योजना करायचीय. कितीतरी कामगारांच्या घरी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं. म्हातारे आईवडील, आजारी बायको. तो माणूस इथं आठ तास मशीनवर उभा, आणि मन घरी. त्यांना दिवसातून एखादा तास घरी जायला परवानगी मिळाली, तर गिरणीचं काही बिघडणार नाही. पण मॅनेजरसाहेबांना नुसतं बोलून पटत नाही. त्यांना उदाहरण हवंय. तुम्हाला सगळं खातं ठाऊक आहे. असं कुणी आहे का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण वीस वर्षं मी गोष्टी सांगत होतो, माणसं हसत होती, आणि खरी गोष्ट सांग असं मला कुणी म्हटलं नव्हतं. वर समोर पुण्याची शिकलेली बाई, हातात पेन. मी मनात म्हटलं, सांगू, चांगल्यासाठीच विचारतीय.

आणि मी सांगितली. अशी सांगितली, की तशी मी आधी कधी सांगितली नव्हती आणि नंतरही नाही. मागचं दार सांगितलं. सात मिनिटं जायची, सात यायची. इस्माईल दोन मशीनमध्ये कसा पळतो ते उठून पळून दाखवलं. भूपाल बायकोची पाठ कशी पुसतो, आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या, मग मांडीवर डोकं घेऊन कसा भरवतो, ते सांगितलं. नाव तेवढं गाळलं. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. डोळे भरले होते.

"त्यांचं नाव मी कुठंही घालणार नाही, काका. फक्त आद्याक्षरं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय, सगळ्यांनाच दिसतं. ते परत येतात तेव्हा पाठीला हात पुसत असतात."

बाईंनी सहा पानी अहवाल लिहिला आणि साहेबांकडं पाठवला. त्यात 'श्री. भू. चौ., रिंग विभाग, पहिली पाळी' असं होतं. वेळा होत्या. मागचं दार होतं. 'सहकाऱ्यांची हृद्य साथ' असंही एक वाक्य होतं म्हणे. रिंग विभाग म्हणजे आमचंच खातं, आणि त्याच्या पहिल्या पाळीत भू. चौ. एकच होता.

आठ दिवसांनी भूपालला आरोपपत्र मिळालं. कामाची जागा सोडून रोज विनापरवाना गिरणीबाहेर जाणे. तो कागद घेऊन तो माझ्या मशीनपाशी आला. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, कानाला तोंड लावावं लागतं. त्यानं तसं तोंड लावलं.

"आण्णा, तुमी सांगितलं व्हय?"

मी होय म्हणून मान हलवली. तो परत आपल्या साईडवर गेला आणि तुटलेले धागे जोडायला लागला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

निमकर बाई रडकुंडीला आल्या होत्या. साहेबांच्या केबिनमध्ये तीनदा जाऊन आल्या. साहेब म्हणाले, तुमची योजना चांगली आहे, विचार करू, पण शिस्तभंग तो शिस्तभंग. चौकशी होणार. आणि कामावरून काढण्याइतका तो आरोप होता.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी भूपालला गाठलं. इस्माईलही होता.

"भूपाल, एक वाट हाय. मी म्हणतो, सगळी थाप होती. बाईला बनवलं. माझ्यावर अख्खी गिरणी विश्वास ठेवंल."

इस्माईल म्हणाला, "आण्णाचं बरोबर हाय. खरं बोललास तर नोकरी गेली."

भूपालनं आधी इस्माईलकडं पाहिलं. मग म्हणाला, "मला खोटं बोलता येत न्हाई, आण्णा."

"तुला बोलायचंच न्हाई. तू नुसता बस. बोलायला मी हाय की."

चौकशीला बाहेरून पोतनीस वकील आले होते. लांब टेबल, एका बाजूला साहेब, एका बाजूला निमकर बाई, भिंतीला लागून इस्माईल, रायाप्पा आणि ऑफिसातला क्लार्क. शिंगटे मामा घाम पुसत बसलेले, कारण आरोप खरा ठरला तर जॉबर काय करत होता हा प्रश्न आलाच असता, आणि चेअरमनच्या भावकीला मेमो कोण देणार?

माझी पाळी आली तशी मी उभा राहिलो आणि कान पकडले.

"साहेब, चूक झाली. बाईंनी खरी गोष्ट सांगा, खरी गोष्ट सांगा केलं. माझ्याकडं खरी गोष्ट कुठनं येणार? मग केली एक तयार."

"म्हणजे हे सगळं कल्पित?" पोतनीस वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सगळं. माझ्या आजोबांची म्हैस विहिरीत दह्यावरनं चालत आली, तसंच."

साहेबसुद्धा हसले. वकिलांनी शिंगटे मामांना विचारलं, "हा माणूस विश्वासार्ह आहे का?"

मामांचा चेहरा उजळला. "हा? साहेब, हा खरं बोलल्याचं मी वीस वर्षांत ऐकलं न्हाई. आज सोमवार हाय म्हणाला तरी मी कॅलेंडर बघतो."

सगळी खोली हसली. मला वाटलं, मारली बाजी. निमकर बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं पाहत होत्या. मी काय करतोय ते त्यांना कळलं होतं. वकिलांनी त्यांना विचारलं, "आपण प्रत्यक्ष काही पाहिलं होतं का?" त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "नाही. मी ऐकीव लिहिलं." त्यांनीही आपल्या परीनं त्याला वाचवलंच.

इथं संपायला हवं होतं. पण वकील तो वकील. त्यानं लिहिता लिहिता सहज भूपालकडं पाहिलं.

"मग चौगुले, तुमच्या घरी कोण आजारी आहे?"

भूपालनं माझ्याकडं पाहिलं. हे आमच्या ठरलेल्यात नव्हतं. मी डोळ्यांनी खूण केली.

"कोण न्हाई," भूपाल म्हणाला.

"पत्नी?"

"बरी हाय."

"हिंडतात-फिरतात?"

"व्हय."

"स्वयंपाक वगैरे त्याच करतात?"

"करती."

"काल काय केलं होतं?"

वकिलाच्या मनात काही नव्हतं, नुसती गंमत म्हणून त्यानं विचारलं. भूपालनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मला तिथल्या तिथं दहा पक्वान्नं सुचली असती. त्याला एकही सुचेना.

"झुणका," तो म्हणाला.

वकिलांनी लिहून घेतलं. 'माझ्या घरी कोणी आजारी नसून पत्नीची प्रकृती उत्तम आहे. घरकाम ती स्वतः करते.' भूपालनं खाली सही केली. खोलीत आम्ही नऊ माणसं होतो. त्यातली निदान चार माणसं त्या चाळीत जाऊन अक्काताईला भेटून आली होती. कुणी काही बोललं नाही. आरोप सिद्ध होत नाही, असा निकाल त्याच संध्याकाळी लागला. मला कामाच्या वेळेत मनोरंजन केल्याबद्दल ताकीद मिळाली. इस्माईलनं मला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला कुलूप लागलं होतं.

किल्ली ऑफिसात. कचरा टाकायला वॉचमन सोबत येणार. भूपालनं महिन्याचे दोन पास दोन दिवसांत संपवले. पासवर कारणाचा रकाना असायचा, त्यात तो 'खासगी काम' लिहायचा. तिसऱ्यांदा गेला तर क्लार्क म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना? मग रोज रोज कसलं खासगी?" रजा किती दिवस काढणार? आठ दिवसांत तीही संपली. इस्माईलची बायको अधूनमधून जायची, पण तिचं स्वतःचं लेकरू अंगावरचं. एकटीला अक्काताईचं अंग उचलायचं नाही.

आणि महिन्याभरानं बाईंची योजना मंजूर झाली.

खोटं नाही सांगत. नोटीस बोर्डावर कागद लागला. घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असलेल्या कामगारास रोज एक तास घरी जाण्याची सवलत. साहेबांचा फोटो जिल्ह्याच्या पेपरात आला. बाई छापील अर्ज घेऊन स्वतः माझ्या मशीनपाशी आल्या आणि मला बाहेर बोलावलं.

"काका, चौगुल्यांना आजच भरायला सांगा. पहिला अर्ज त्यांचाच."

"बाई," मी म्हणालो, "त्याची बायको बरी हाय. तुमच्यासमोरच सही केलीय त्यानं."

त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. भाबडी बाई. त्या तशाच साहेबांकडं गेल्या आणि पाऊण तासानं बाहेर आल्या. साहेब म्हणाले होते, मी समजू शकतो. पण अर्ज घेतला तर आधीचा जबाब खोटा ठरतो, आणि खोटा जबाब हा जागा सोडण्यापेक्षा मोठा गुन्हा. मग त्यांना काढावंच लागेल. तुम्हीच सांगा, काय करू?

सवलतीचे तीन अर्ज मंजूर झाले. त्यातला एक शिंगटे मामांचा. सासूचे गुडघे धरले होते.

पुढच्या महिन्यात बाईंनी राजीनामा दिला. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी एकदा रविवारी भूपालच्या खोलीवर गेलो. तो पाणी भरायला गेला होता. अक्काताई कुशीवर पडलेली. अंग पार वाळलं होतं, पण जीभ होती तशीच.

"या भावजी. बसा. काय ओ, मी झुणका केला म्हणं?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"मी ह्यांना इचारलं, झुणकाच का म्हणालासा? तर म्हणत्यात, दुसरं सुचलंच न्हाई." ती हसायला लागली. हसताना मध्येच दात आवळायची. "आवो, खोटंच सांगायचं तर बासुंदी सांगायची! पुरणपोळी सांगायची! खोट्यातबी मेली मी झुणकाच करतीया."

"पुढच्या टायमाला बासुंदी सांगू, वहिनी."

"तुमी असता जवळ तर बासुंदीवर केशर घातलं असतं."  मग म्हणाली, "कोनाड्यात उदबत्ती हाय, तेवढी लावा. तुमी लई जवळ बसलाय."

मी उदबत्ती लावली. वास तिला माझ्याआधी आला होता.

"भूपालवर रागावलाय काय?" मी विचारलं.

"त्यांच्यावर कशापायी?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

जूनमध्ये ताप सुरू झाला. मिरजेला नेली तेव्हा पाठीला मूठ मावेल एवढ्या जखमा होत्या. डॉक्टर भूपालवर ओरडले, "इतके दिवस घरात कुणी लक्ष देत नव्हतं का?" चौथ्या दिवशी ती गेली.

रजेचा अर्ज द्यायला मी त्याच्याबरोबर ऑफिसात गेलो होतो. क्लार्क नवा नव्हता, त्याला सगळं ठाऊक होतं. पण लिहायचं काहीतरी हवं म्हणून त्यानं खाली मान घालून विचारलं, "काय झालं होतं?"

"काय न्हाई," भूपाल म्हणाला. "बरी होती."

क्लार्कनं तसंच लिहिलं.

चौदाव्या दिवशी भूपाल कामावर आला. पावणेअकराला मी कॅन्टीनमध्ये गेलो, तर तो आधीच येऊन बाकावर बसला होता. समोर चहा. शिंगटे मामाही होते. सासूची सवलत साडेदहा ते साडेअकरा मिळालेली, ती ते कॅन्टीनलाच घ्यायचे. मी गोष्टी बंद केल्या होत्या. ताकीद होती म्हणून नव्हे, पण बंद केल्या होत्या. मी चहा मागवला.

"सांगा की, आण्णा," भूपाल म्हणाला.

"काय सांगू?"

"काय बी. सगळ्या गिरणीनं ऐकल्या तुमच्या गोष्टी. मी एक बी न्हाई ऐकली. मला कधी सवड हुती?"

मामांना कळलं नाही, की त्यांनी कळू दिलं नाही, कुणास ठाऊक. ते म्हणाले, "सांग रं आण्ण्या. लई दिवस झालं."

मग मी सांगितली. माझ्या चुलत्याचा एक बैल होता. तो वाचायचा. रस्त्यावरचा प्रत्येक मैलाचा दगड वाचल्याशिवाय गाडी पुढं न्यायचा नाही. सांगली अठरा, सांगली सतरा, सांगली सोळा, असं वाचत वाचत तो खुशीत चालायचा. पुढं सरकारनं मैलाचे दगड काढले आणि किलोमीटरचे लावले. बैल पहिल्याच दगडापाशी गेला, वाचलं आणि मटकन खाली बसला. काल सांगली अठरा होती. आज एकोणतीस.

सगळे हसले. भूपालही हसला. खरोखर हसला, मान मागं टाकून. दोन वर्षांत मी त्याला तसा हसताना पाहिला नव्हता.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग चुलता बैलाला समजावतोय, की बाबा, सांगली हाय तिथंच हाय..."

इतक्यात भूपाल उठला. विचार करून उठला नाही. बाह्या वर सरकवल्या आणि खात्याकडं निघाला. त्याला उठलेला बघून पलीकडच्या बाकावरचा इस्माईलही चहा टाकून उठला आणि भूपालच्या साईडवर जाऊन उभा राहिला. त्यालाही आपण काय केलं ते कळलं नसावं. खिडकीतून मला दिसत होतं, भूपाल मशीनच्या रांगेतून सरळ मागच्या दाराशी गेला. कुलूप बघितलं. दारावर हात ठेवून तसाच उभा राहिला, आमच्याकडं पाठ करून.

"आण्ण्या, थांबलास का?" मामा म्हणाले आणि माझी नजर गेली होती तिकडं वळायला लागले.

"कुठं थांबलो?" मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऐका तरी. बैल उठंना. मग चुलत्यानं गावातनं मास्तर बोलावला, बैलाला गणित शिकवायला. मैलाचे किलोमीटर कसे करायचे, पहिल्यापासनं..."

मामा पुन्हा माझ्याकडं वळले आणि हसायला लागले. मास्तर आला, पाटी आली, बैलाचं एक गणित चुकलं, दुसरं चुकलं, मास्तर रुसून गेला, दुसरा मास्तर आला. कॅन्टीनमधली माणसं पोट धरून हसत होती. घड्याळात अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. तो दारापाशी उभाच होता.

तो परत येईपर्यंत मी बैलाला सांगलीत पोचू दिलं नाही.